फोटो सरकारी, नावं घरची

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारी अभिलेखागारात सुमारे हजार फोटोंचा एक संग्रह आहे. रांगेत उभी केलेली मुलं, स्वच्छ कपड्यांतल्या मुली, शाळेचे वर्ग, वस्तीवरची घरं. १९१९ ते १९६६ या काळातले हे फोटो. कुठे गावाचं नाव लिहिलेलं आहे, कुठे साल आहे. माणसांची नावं मात्र अनेक फोटोंवर नाहीत. फोटो काढून घेणाऱ्याला त्यांची गरज नव्हती.

ती का नव्हती हे समजायला फोटो कोणी काढून घेतले ते बघावं लागतं. १८८३ साली या राज्यात मूलनिवासींच्या ‘संरक्षणा’साठी एक मंडळ नेमलं गेलं. १९०९ च्या कायद्याने त्याच्या हातात हुकूम आला. कोणी कुठल्या वस्तीत राहायचं, कोणाला वस्तीतून हाकलायचं, शिधा कोणाला मिळणार, हे मंडळ ठरवणार. १९१५ ची दुरुस्ती आली आणि मूल आईबापांपासून काढून न्यायला आधी कोर्टात काही सिद्ध करावं लागेल, हाही अडसर उरला नाही. मुलींना कूटामंड्राच्या वसतिगृहात नेत आणि घरकामाला तयार करत. मुलांना किंचेलाला. किंचेलाच्या मुलांना नावाऐवजी नंबर दिलेले होते आणि त्याच नंबराने हाक मारली जाई. १९४० साली मंडळाच्या पाटीवरचा ‘संरक्षण’ हा शब्द गेला, ‘कल्याण’ आला. मुलं नेणं काही थांबलं नाही. मंडळ मोडीत निघालं ते १९६९ मध्ये.

या मंडळाला फोटो हवे होते ते आपलं काम किती छान चाललंय हे दाखवायला. १९५२ पासून त्यांनी ‘डॉन’ नावाचं एक मासिकही चालवलं. (आपल्याकडे हा शब्द ऐकला की भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण इथे त्याचा अर्थ पहाट.) त्यात हे फोटो छापून येत. मुलं धुतलेली, केस विंचरलेले, बाकांवर ताठ बसलेली. मूल कोणाचं आहे, कुठल्या गावचं आहे, त्याची आई आज कुठे आहे, हे त्या चित्रात बसणारं नव्हतं. म्हणून ‘वसतिगृहातील मुली’ एवढं पुरेसं होतं.

२००६ साली राज्याच्या अभिलेखागाराने या संग्रहातल्या फोटोंचं प्रदर्शन सिडनीत मांडलं. त्याचं नाव ‘इन लिव्हिंग मेमरी’. ज्या काळाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून हयात आहेत तो काळ, असा त्याचा अर्थ. पुढे हे प्रदर्शन राज्यातल्या लहान लहान गावांमध्ये फिरलं. फिरतं प्रदर्शन म्हटलं की आपल्याला वाटतं शहरातली एखादी मोठी गोष्ट गावकऱ्यांना दाखवायला आणली आहे. इथे उलटं होतं. प्रदर्शन मांडण्याआधीच अभिलेखागाराची माणसं, त्यांत मूलनिवासी कर्मचारीही होते, फोटोंच्या प्रती घेऊन वस्त्यांमध्ये आणि कुटुंबांकडे गेली. त्यांच्याकडे दोन प्रश्न होते. यात कोण आहे, आणि हा फोटो लोकांसमोर लावायला तुमची हरकत आहे का?

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कागदोपत्री हे फोटो सरकारच्या मालकीचे. कायद्याने कोणाला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं गेलं, कारण हे फोटो मुळात काढले गेले तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या अनेक मूलनिवासी समाजांमध्ये मृत व्यक्तीचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, तिचा फोटोही समोर ठेवत नाहीत. म्हणून तिथल्या अशा प्रदर्शनांच्या दारातच एक सूचना असते की आत गेलेल्यांच्या प्रतिमा आहेत, त्यांनी दुखावले जाण्याची शक्यता आहे. आपल्या घरांमध्येही आजीचा फोटो ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेला असतो आणि तो भिंतीवर लावायचा की नाही यावरून दोन चुलत्यांची दोन मतं असतात. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

मग लोकांनी फोटोंकडे बघून बोलायला सुरुवात केली. ही माझी मावशी. हा शेवटचा मुलगा अमक्या घरातला. जो फोटो मंडळाने ‘बघा, आम्ही यांना कसं सुधारलं’ म्हणून काढला होता, तोच फोटो घरच्या माणसाच्या हातात पडला की नातेवाइकांचा फोटो होतो. कागद तोच राहतो, त्यातली चित्रंही तीच राहतात. वाचणारा बदलतो.

इथेच या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट येते, तिला बगल देऊन पुढे जाणं बरोबर नाही. ज्यांना लहानपणी घरातून उचलून नेलं त्यांच्यापैकी अनेकांकडे बालपणाचा दुसरा फोटोच नाही. आईने काढलेला नाही, काकाने काढलेला नाही. जो आहे तो त्यांना नेणाऱ्यांनीच काढलेला. तो फाडून टाकायचा की फ्रेम करून ठेवायचा? बाहेरून बघणारा म्हणेल, हे तर दडपशाहीचं साधन, याची होळी करा. पण त्या फोटोत आपल्या शेजारी उभी असलेली मैत्रीण, जिला नंतर कधी भेटता आलं नाही, तिचा चेहरा तेवढ्याच कागदावर शिल्लक असतो. सरकारी कागद बघताना राग आणि माया एकाच वेळी वाटू शकते. तरुण कार्यकर्त्यांना ही गुंतागुंत पचवणं जड जातं असा आमचा अनुभव आहे. आपल्याला एकतर पुरावा हवा असतो नाहीतर आठवण. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्ही एकाच चौकटीत बघावं लागलं.

मंडळाच्या जुन्या फोटोंच्या जोडीला या प्रदर्शनात त्याच समाजाचे आजचे फोटोही होते, आणि ते काढणारा माणूस होता मर्विन बिशप. १९४५ साली ब्रेवारिना गावात जन्मलेला, १९६३ मध्ये सिडनीच्या एका मोठ्या दैनिकात उमेदवार म्हणून लागलेला, आणि देशातला पहिला मूलनिवासी वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखला जाणारा. १९७१ साली त्याला वर्षातल्या उत्तम वृत्तछायाचित्रकाराचा पुरस्कार मिळाला. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १९७५ चा: पंतप्रधान गॉफ व्हिटलम गुरिंजी समाजाचे ज्येष्ठ नेते विन्सेंट लिंगियारी यांच्या हातात लाल माती ओततायत, जमीन परत दिल्याची खूण म्हणून. खरा समारंभ छपराखाली झाला होता, तिथे उजेड चांगला नव्हता. बिशपने दोघांना बाहेर निळ्या आभाळाखाली आणून तीच कृती पुन्हा करायला सांगितली. ‘म्हणजे फोटो खोटा’ असं कोणी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. पंतप्रधानांना कुठे उभं राहायचं हे एका मूलनिवासी फोटोग्राफरने सांगितलं, यातही त्या दिवसाचं थोडं सत्य आहेच.

बिशपच्या घरची एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. त्याच्या वडिलांची आई मूलनिवासी होती आणि वडील पंजाबी, हिंदुस्थानातून गेलेले. या वडिलांनी १९५० मध्ये सूट मिळाल्याचा सरकारी दाखला घेतला. हा दाखला ज्याच्याकडे असेल त्याला कायद्याच्या लेखी मूलनिवासी धरलं जात नसे. तो गावात राहू शके, मुलांना साध्या शाळेत घालू शके, पण आपल्याच वस्तीतल्या नातेवाइकांकडे मोकळेपणाने जाण्यावर बंधन. लोक त्याला ‘कुत्र्याचा परवाना’ म्हणत. माणूस असल्याचं सर्टिफिकेट खिशात बाळगायचं, आणि त्याची किंमत म्हणजे आपल्या माणसांपासून तुटायचं.

हिंदुस्थानातून गेलेल्यांचा हा धागा बराच लांब जातो. १८६० पासून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात सामान वाहून नेण्यासाठी उंट आणले गेले, आणि उंटांबरोबर माणसं आली. बलुचिस्तान, पेशावर, पंजाब, सिंध, काश्मीर, अफगाणिस्तान. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. बहुतेक मुसलमान. बायकांना बरोबर आणायची सोय नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी मूलनिवासी स्त्रियांशी संसार थाटले. मरी, ब्रोकन हिल अशा गावांच्या कडेला त्यांच्या वस्त्या होत्या, पत्र्याच्या मशिदी होत्या. गोरे लोक या वस्त्यांना गावापासून वेगळंच ठेवत. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याप्रमाणे मूलनिवासी स्त्रीला मूलनिवासी नसलेल्या पुरुषाशी लग्न करायचं तर सरकारच्या मुख्य ‘संरक्षका’ची परवानगी लागे. १९२० च्या दशकात जॅक अकबर आणि लॅली माटबार यांना ती परवानगी नाकारली गेली. दोघं राज्याची हद्द ओलांडून पळाले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी लग्न केलं. निकाह कोणाशी करायचा हे ठरवणारा अधिकारी एकोणिसाव्या शतकातला नव्हता, आपल्या पणजोबांच्या वयाचा होता.

या उंटवाल्यांवरही एक प्रदर्शन झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाने ते २००७ साली उभं केलं, तेही फिरलं. त्यासोबत फिलिप जोन्स आणि ॲना केनी यांचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकात छान छान फोटो आहेत, पण आमच्या मते त्याचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मागची यादी. बाराशेहून अधिक उंटवाल्यांची नावं आणि जी मिळाली ती माहिती. आजवर जे फक्त ‘एक अफगाण, उंटासह’ होते त्यांतले कितीतरी जण त्या यादीत कोणाचे तरी आजोबा म्हणून सापडतात.

माणसाचा फोटो काढायचा आणि नाव टाकून द्यायचं, ही सवय त्या काळच्या साम्राज्यात सगळीकडे होती. १८७० च्या दशकात जॉन विल्यम लिंट नावाचा फोटोग्राफर ग्राफ्टनच्या आपल्या स्टुडिओत झाडंझुडपं आणून, मागे पडदा टांगून मूलनिवासींना त्यात बसवी आणि ‘जंगलातलं जीवन’ म्हणून फोटो विके. आपल्या मुंबईत त्याच्याही आधी, १८६३ आणि १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींचे दोन मोठे ग्रंथ काढले. माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागचं दृश्य दुसरीकडचं, दोन्ही कापून जोडलेलं. त्यातही शीर्षक जातीचं, जमातीचं. समोर बसलेल्या बाईचं नाव काय, हे विचारायची तसदी कशाला?

पुढे ही जमातवार ओळख पोलिसांच्याही कामी आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्हाला माहीत असेल. तो मुंबई इलाख्यात खऱ्या अर्थाने लागू झाला १९११ नंतर. छप्परबंद या मुसलमान समाजाचं नाव पोलिसांच्या पुस्तकांत त्याआधीच चढलेलं होतं. एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर जे पुस्तक लिहिलं त्यात छप्परबंदांवर स्वतंत्र प्रकरण आहे. खोटी नाणी पाडणारे म्हणून अख्खा समाज जन्मतःच गुन्हेगार. विजापूर, सोलापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या, हजेरी सुरू झाली. सोलापुरात त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. आणि या कायद्याच्या १७ व्या कलमात एक तरतूद होती जी वाचताना न्यू साउथ वेल्सचीच आठवण येते: सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा सरकारला अधिकार.

दोन्हीकडचा इतिहास एकसारखा होता असा आमचा दावा नाही. ऑस्ट्रेलियात संपूर्ण भूमीच हिरावली गेली, आणि मुलं नेण्याचं प्रमाण कल्पनेपलीकडचं होतं. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ या अहवालाचा अंदाज असा की १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा मूलनिवासी मुलांमागे एक मूल जबरदस्तीने नेलं गेलं. पण कायद्याची भाषा, रजिस्टर ठेवण्याची पद्धत, ‘यांच्याच भल्यासाठी’ म्हणण्याचा सूर, यांचं कूळ एक आहे. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, मुस्लिमांसह. पण सेटलमेंटच्या कुंपणाआतले दिवस ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. ‘इन लिव्हिंग मेमरी’ ही खिडकी आपल्याकडेही मिटत चालली आहे, आणि प्रती घेऊन त्यांच्या दारात जाणारं अभिलेखागार काही आपल्या नजरेत नाही.

प्रदर्शनाने काय मिळतं, असा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला. थेट उत्तर द्यायचं तर एकट्या प्रदर्शनाने फारसं नाही. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने मंडळाने नेलेल्या आणि अजून हयात असलेल्या व्यक्तींना प्रत्येकी ७५,००० डॉलर देण्याची योजना जाहीर केली. आणि तरीही १४ ऑक्टोबर २०२३ ला, संसदेला सल्ला देणारी मूलनिवासींची एक समिती राज्यघटनेत असावी की नाही यावर मतदान झालं, तेव्हा सहाच्या सहा राज्यांनी ‘नको’ म्हटलं. फोटो बघून डोळे पुसणारा माणूस मतदान केंद्रात वेगळा वागू शकतो. पण दुसरी बाजूही बघा. १९८० मध्ये ‘लिंक-अप’ नावाची संस्था उभी राहिली, नेलेल्या मुलांना त्यांच्या घरच्यांशी पुन्हा जोडून देण्यासाठी. हा शोध घेताना हाताशी होते ते मंडळाचेच कागद. वेगळं करणाऱ्याच्या रजिस्टरमधूनच परतीची वाट काढावी लागली. आणि ज्या समाजाने आपली नावं स्वतः लिहून ठेवली आहेत, त्याला उद्या कुठल्याही कार्यालयात ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाला दुसऱ्याच्या नोंदीवर अवलंबून राहावं लागत नाही. या देशात कागद मागितला जाण्याची धास्ती काय असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून या अंकात आम्ही वाचकांना एक काम सुचवतो आहोत. घरात, मोहल्ल्यात, मदरशाच्या किंवा नगरपालिकेच्या उर्दू शाळेच्या कपाटात, गिरणीच्या युनियनच्या जुन्या ऑफिसात जे गटफोटो पडलेत ते बाहेर काढा. मोबाइलवर स्कॅन करा, पण मूळ फोटो परत त्याच माणसाला द्या, ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. बायकांचे फोटो असतील तर त्या बायकांना विचारा, त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलींना, फक्त मुलांना नाही. कोणी नाही म्हटलं तर नाही. मग म्हाताऱ्यांच्या शेजारी बसा आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या. घरात हाक मारायचं नावही लिहा, कारण रेशनकार्डावरचं नाव मोहल्ल्यात कोणालाच माहीत नसतं. ज्याचं नाव आठवत नाही त्याच्या जागी ‘अज्ञात’ लिहून विषय संपवू नका, प्रश्नचिन्ह ठेवा आणि सांगणाऱ्याचं नाव व तारीख टाका. पुढच्या ईदला कोणीतरी बाहेरगावहून आलेला चाचा त्याला ओळखेल. आणि फोटोच्या मागे लिहायचं तर बॉलपेनने नको. शाई उमटते, दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर दिसतो. मऊ पेन्सिल घ्या, कडेला, हलक्या हाताने.